उमापूरच्या सुनेचा डावा डोळा

माझ्या नेमणुकीच्या कागदावर पदाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. ते मला स्वतःला धड लिहिता यायला वर्ष गेलं. बीड जिल्ह्यातल्या लोकांनी मात्र ते पहिल्याच दिवशी सोपं करून टाकलं: नंबर काढणारे चाचा. बीडच्या बाजारात माझ्या वडिलांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. काचा घासत घासतच मी मोठा झालो, पुढं शिक्षण घेतलं आणि डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागलो तो निवृत्त होईपर्यंत तिथंच चिकटून राहिलो. दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही. डॉक्टर मी कधीच नव्हतो. पण एखाद्यानं चुकून ‘डॉक्टरसाहेब’ म्हटलं तर चूक सुधारायची मी कधी घाई केली नाही, हेही खरं सांगून टाकतो.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून गमतीचे अनुभव हवे होते. ते आहेत, आणि आधी तेच सांगतो. पण मला लिहायला बसवलं ते एका बाईच्या डाव्या डोळ्यानं. ती गोष्ट मी घरात माझ्या बायकोलाही पूर्ण सांगितलेली नाही.

आधी आमचं काम काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नंबर मशीन काढते. मशीन काढते तो अंदाज. खरा नंबर काढायचा तर पेशंट आणि तक्ता यांच्यात वीस फूट अंतर लागतं. आमची खोली तशी लांबट होती. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला तक्ता, तक्त्यामागं दिवा, बाकी सगळा अंधार. तक्त्याशेजारी हातात छडी घेऊन मी उभा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ‘ई’ अक्षरांचा तक्ता असतो. वरती मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेली, आणि प्रत्येकाचं तोंड वेगवेगळ्या दिशेला. आमच्याकडचे लोक त्या अक्षराला दाताळं म्हणायचे. खळ्यावर पाचोळा ओढायचं दातांचं दाताळं कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळं काम सोपं व्हायचं. ‘दात कुणीकडं?’ एवढंच विचारायचं. समोरचा हातानं दाखवायचा: वर, खाली, इकडं, तिकडं. गर्दीच्या दिवशी शिकलेल्या माणसालाही मी तोच तक्ता लावायचो. पदवीधर लोक रागवायचे, पण बारीक ओळ आली की त्यांचंही दाताळं उलटं पडायचं.

एका वेळी एक डोळा तपासायचा, हा धंद्याचा पहिला नियम. त्यासाठी एक लोखंडी गोल फ्रेम असते. ती नाकावर चढवायची, ज्या डोळ्याची पाळी नाही त्याच्यापुढं काळी चकती घालायची. हे साधं वाटतं. पण माणसाचे दोन डोळे सख्ख्या भावांसारखे असतात, एक अडकला की दुसरा गुपचूप मदतीला येतो. माझी अर्धी नोकरी ही मदत थोपवण्यात गेली.

आता गमती. चौसाळ्याचा एक जीपवाला लायसन्सच्या दाखल्यासाठी आला होता. माझ्याकडं येण्याआधी त्यानं आपल्या मित्राला तपासून घ्यायला पाठवलं होतं आणि त्याच्याकडून सगळा तक्ता पाठ करून घेतला होता. गडी खुर्चीत बसला आणि पाढे म्हटल्यासारखा सुरू झाला. वर, खाली, डावीकडं, वर. छडी ठेवायचीही उसंत देईना. मला शंका आली. मी हळूच तक्त्यामागचा दिवा बंद केला. खोलीत काळोख. तरी ह्याचं चालूच, पार शेवटच्या ओळीपर्यंत. मी म्हटलं, “दादा, लाईट गेलीय.” तो म्हणाला, “चाचा, मला अंधारात बी दिसतंय, म्हून तर जीप चालवतो.” दाखला दिला नाही. पण पुढं तो चष्मा करायला आला आणि दर दिवाळीला भेटूनही जायचा.

दुसरे एक आजोबा. त्यांना निराधारांच्या सरकारी पगारासाठी, काहीच दिसत नाही असा कागद हवा होता. बोटं दाखवली, दिसत नाहीत. बॅटरी मारली, दिसत नाही. अशा वेळी आम्ही डोळ्यांसमोर आरसा धरून सावकाश हलवतो. दिसणारा डोळा आरशातल्या आपल्या तोंडामागं फिरतोच, कितीही ठरवलं तरी तो स्थिर राहत नाही. मी आरसा धरला. आजोबांनी डोळे बरेच आवरले, पण आरसा जरा जवळ आला तेव्हा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी मिशीला लागलेलं पान पुसलं. मग दोघंही हसलो.

अशा लोकांमुळं मला घमेंड चढली होती. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि माझ्या अंधाऱ्या खोलीत ते मला बरोबर दिसतं, असं मी नव्या लोकांना शिकवायचो. ज्याला नोकरी हवी तो दिसतं म्हणून खोटं बोलतो आणि ज्याला पगार हवा तो दिसत नाही म्हणून. जो खरंच आजारी आहे तो कशाला खोटं बोलेल? हे माझं तत्त्वज्ञान होतं. त्याच तत्त्वज्ञानानं माझा घात केला, आणि माझ्यापेक्षा फार मोठा दुसऱ्या कुणाचा.

निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं होतं. गेवराई तालुक्यातल्या उमापूरहून एक कुटुंब आलं. मनीषा, वय सव्वीस-सत्तावीस. तिचा नवरा दत्ता, घरची ऊस-कापसाची शेती बघणारा, कमी बोलणारा. आणि सासू गयाबाई, जी तिघांच्या वाटचं बोलायची. मनीषाचा उजवा डोळा पुढं आला होता. दुखत नव्हता, लाल नव्हता, पण खोबणीतून कुणीतरी मागून ढकलावा तसा बाहेर दिसायचा. दत्तानं मोबाईल काढून लग्नातला फोटो दाखवला. फोटोत दोन्ही डोळे सारखे, हळदीच्या तोंडावर हसू. “दोन वर्सांत असं झालंय,” तो म्हणाला. “आधी आमाला वाटलं, जागरनानं असंल.”

गावात जे म्हणायचं ते लोक म्हणून झाले होते. कुणी नजर लागली म्हटलं, कुणी देवाचं काही राहिलं म्हटलं. गयाबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. “लोकाला काय, तोंडं हायती,” त्या म्हणाल्या. “मी म्हनलं, डोळ्याचं दुखनं डोळ्याच्या दवाखान्यात न्ह्यावं. हिच्यासारखी सून मला दुसरी मिळायची न्हाई.” हे त्यांनी सुनेच्या तोंडावर म्हटलं. आमच्याकडं सासवा हे सुनेच्या पाठीमागंसुद्धा क्वचित म्हणतात, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

दवाखान्यात तेव्हा जे सर्जन होते त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. मोठ्या शहरात शिकलेले, हात चांगला, डोक्यात हवा नाही. त्यांनी तपासलं, डोळ्यामागं गाठ असावी म्हणाले आणि आधी नजरेची नोंद करायला माझ्याकडं पाठवलं.

मनीषा खुर्चीत बसली. गयाबाई तिच्या खुर्चीला लागूनच उभ्या राहिल्या. नातेवाइकांना बाहेर काढायची आमच्याकडं पद्धत नव्हती. बाईमाणूस अंधाऱ्या खोलीत एकटी कशी बसवायची, असा आमचा विचार. उलट कुणी सोबत असलं की मला बरं वाटायचं, उगाच बोलायला जागा राहत नाही.

मी फ्रेम चढवायला गेलो, तर ती बसेना. पुढं आलेल्या डोळ्याला तिची कड टोचत होती. मनीषानं ‘आई गं’ एवढंच म्हटलं. मला वाईट वाटलं. म्हटलं, “राहू दे बाई. तुझ्या तळव्यानंच झाक. दाबू नको, नुसता आडवा धर.”

आणि मी वीस फूट लांब जाऊन तक्त्याशी उभा राहिलो.

आधी उजवा, गाठीचा डोळा. तिनं डाव्यावर तळवा धरला आणि दाताळी सांगत गेली. पार शेवटच्या ओळीपर्यंत आली. चौथ्या दाताळ्याला अडखळली, चुकली, पुढची नीट सांगितली. मला आनंद झाला. एवढी गाठ मागं असून नजर शाबूत होती. मग डावा. तिनं उजव्यावर तळवा धरला. पुन्हा वरून खाली, पुन्हा शेवटची ओळ, पुन्हा चौथ्या दाताळ्याला अडखळली आणि तशीच चुकली.

दोन वेगवेगळे डोळे एकाच ठिकाणी एकसारखे चुकत नाहीत. धंद्यातलं पोरसुद्धा हे सांगेल. मी ते पाहिलं, कानानं ऐकलं आणि मनात म्हटलं, बाईला सवय नाही. ज्याला शेवटची ओळ दिसते त्याला मशीनवर बसवायचं नाही आणि डोळ्यात बॅटरी मारून, परतणाऱ्या उजेडावरून नंबर पडताळायचा नाही, असा माझा गर्दीच्या दिवसाचा कायदा होता. दारात चाळीस माणसं बसली होती. कागदावर मी दोन्ही डोळ्यांपुढं लिहिलं: नजर पूर्ण.

स्कॅन झाला. डोळ्याच्या मागं, नजरेच्या नसेला लगटून एक गाठ होती. सरांनी तिघांना समोर बसवलं. मी फाईल घेऊन उभा होतो, म्हणून हे बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

“गाठ साधी दिसतेय, कॅन्सरची वाटत नाही,” सर म्हणाले. “पण नजरेची नस तिच्या अगदी शेजारी आहे. गाठ काढताना नसेला किंवा तिच्या रक्तवाहिनीला धक्का बसला तर या डोळ्याची नजर जाऊ शकते. कायमची. क्वचित होतं, पण होतं. ते माहीत असू द्या.”

गयाबाईंनी विचारलं, “आन् न्हाई काढली तर?”

“हळूहळू वाढेल. नस दाबत जाईल. किती वर्षांत ते सांगता येत नाही. काही लोक थांबतात, दर सहा महिन्यांनी दाखवतात.” मग सरांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. “हिचा डावा डोळा एकदम चांगला आहे, म्हणून मी हे ऑपरेशन इथं करायला तयार आहे. वाईटात वाईट झालं तरी एक डोळा राहील.”

दत्ता बायकोकडं बघून म्हणाला, “तू सांग. तुझा डोळा हाय.”

 गयाबाई काहीतरी म्हणणार असं मला वाटलं, पण त्यांनी पदर तोंडाला लावला. मनीषानं खाली बघत म्हटलं, “करा.” आणि कागदावर सही केली. दहावीपर्यंत शिकलेली, सही वळणदार होती.

ऑपरेशन तीन तास चाललं. गाठ सबंध निघाली. सर बाहेर आले तेव्हा खुशीत होते, आम्हाला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. सूज होती, ती असतेच. सरांनी पापणी हळूच उचलली आणि बॅटरी लावली. “उजेड दिसतोय?”

“न्हाई.”

सरांनी बॅटरी बंद केली, पुन्हा लावली, जवळ आणली. “आता?”

“काळं हाय समदं,” मनीषा म्हणाली.

मी बत्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यात बॅटरी मारली. उजेड पडला की बाहुली आकसते, हे मला श्वास घेण्याइतकं सवयीचं. त्या दिवशी बाहुली हलली नाही. सरांचा चेहरा मी पाहिला आणि नंतर पाहवेना. त्यांनी लगेच टाके सैल केले, आत रक्त साठलंय का बघितलं, इंजेक्शनं दिली, शहरातल्या आपल्या गुरूंना फोन लावला. रक्त साठलं नव्हतं. नसेला रक्त पोचवणारी बारीक वाहिनीच बंद पडली असावी, असं ठरलं. तीन दिवस औषधं देऊन वाट पाहिली. काही फरक पडला नाही.

सरांची चूक झाली असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. ज्याची आगाऊ कल्पना दिली होती तेच झालं. चांगल्यातल्या चांगल्या हातून हे होतं, आणि ज्या सर्जनच्या हातून कधी झालं नाही त्यानं अशी ऑपरेशनं फारशी केलेली नसतात. खरी गोष्ट पुढं आहे.

तिसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, “चाचा, डाव्याची नजर पुन्हा एकदा लिहून घ्या. फाईलला लागेल.”

मी वॉर्डातच गेलो. उजव्यावर पट्टी होती, झाकायचा प्रश्नच नव्हता. छोटा तक्ता समोर धरला. वरचं सगळ्यात मोठं दाताळं दाखवून विचारलं, “दात कुणीकडं?”

मनीषानं हात उचललाच नाही. मी जवळ गेलो. पुन्हा विचारलं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी तक्ता खाली ठेवला आणि हाताची बोटं धरली. पलंगाच्या पायथ्याशी होतो, तिथून दिसेनात. सरकत सरकत उशाशी आलो तेव्हा ती म्हणाली, “तीन.”

 मी पलंगाच्या कडेलाच बसलो. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, हा नियम मी दुसऱ्यांना शिकवलेला.

तो डोळा जन्मापासून मंद होता. बाहेरून बघाल तर टपोरा, सुंदर, काही खोट नाही. सर्जननं आत बघितलं तरी काही सापडत नाही. लहानपणी एका डोळ्याचा नंबर फार मोठा असला आणि चष्मा मिळाला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो आणि सगळं काम दुसऱ्यावर टाकतो. सहा-सात वर्षांच्या आत चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून मंद डोळ्याला कामाला लावलं तर तो सुधारतो. पुढं फारसं काही होत नाही. म्हणजे मनीषा सगळं आयुष्य उजव्या डोळ्यावर काढत होती, आणि तो आम्ही एका सकाळीत घालवला होता.

दत्ता तिथंच होता. गयाबाई खिडकीशी होत्या. मनीषानंच सांगितलं, कुणी विचारायच्या आधी.

“शाळेत बाईंनी तपासलं तव्हाच कळलतं. आई म्हनली, पोरीच्या जातीला चष्मा लागला तर सोयरीक कोन करील. कुनाला बोलायचं न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. लगीन ठरलं तव्हा देवापुढं शपथ घातली तिनं मला.”

तिचं माहेर परळी तालुक्यात, धर्मापुरीला. उमापूर तिथून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांब बातमी येत नाही, म्हणूनच तर तिथं दिली असेल.

 दत्ता म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर मी काय तुला धर्मापुरीला न्हेऊन सोडनार व्हतो का?”

“मला काय म्हाईत,” ती म्हणाली. “तव्हा आपली वळख तरी कुठं व्हती. आन् मागून वळख झाली तर सांगायचं कसं ते कळंना.”

 गयाबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. एरवी तोंडाला खीळ नसलेली बाई एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, फसवल्याचा राग गिळतेय, घरी गेल्यावर सुनेची काही खैर नाही. असा विचार केल्याची मला आता लाज वाटते.

सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल उघडली, माझ्या हातचं ‘नजर पूर्ण’ वाचलं आणि बंद केली. “एकच डोळा आहे हे कळलं असतं, तर मी गाठीला हात लावला नसता, चाचा. थांबलो असतो. नाहीतर मोठ्या ठिकाणी पाठवलं असतं.” एवढंच बोलले. त्यांनी कुणाकडं माझं नाव घेतलं नाही. पुढं वर्षभरात ते शहरात परत गेले. जाताना मला भेटले, तेव्हा आम्ही दोघंही हवापाण्याचं बोललो.

त्या दिवसापासून मी नातेवाइकांना खोलीबाहेर बसवायला लागलो. फ्रेम बसली नाही तर कापसाची घडी करून चिकटपट्टीनं डोळा बंद करायचा, तळहात नाही, असा नियम केला. शेवटची ओळ वाचली तरी बॅटरीनं पडताळायचो. माझ्यामुळं रांग दुपारी तीनपर्यंत जायची आणि लोक शिव्या घालायचे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण पोळलं होतं दुसऱ्याचं तोंड, आणि हे सगळं वरातीमागून घोडं होतं.

तीन महिन्यांनी मनीषा पुन्हा तपासणीला आली. सोबत गयाबाईच. दत्ता गाडी लावायला थांबला होता. मी दारातून पाहत होतो. सून पाय चाचपत येत होती आणि गयाबाई तिच्या कोपराला धरून बारीक आवाजात सांगत होत्या, “पायरी हाय. आता न्हाई. आता सपाट.” मला वाटलं होतं तसा राग कुठंच नव्हता.

नियमाप्रमाणं मी गयाबाईंना म्हटलं, “मावशी, जरा बाहेर थांबता का?”

मनीषाच म्हणाली, “असू द्या चाचा. आता झाकायचं काय राह्यलंय.”

मी डाव्या डोळ्याचा नंबर काढला. मोठा होता. पहिलीत असताना काढायला हवा होता. भिंग लावल्यावर जरा फरक पडला. एकुलता एक उरलेला डोळा कधी कधी उशिरा का होईना थोडं शिकतो. हातभरावरचं तोंड तिला आता ओळखू यायला लागलं होतं. भाकरी थापता येते, म्हणाली, पण भाजली का ते वासावरून कळतं. शिवणाची मशीन होती, ती जावेला दिली. चार वर्षांची मुलगी आहे. “तिला म्हनते, जवळ ये, अजून जवळ. ती म्हनती, आई, किती जवळ येऊ?” हे सांगताना मनीषा हसली. मी हसू शकलो नाही.

तीन महिने जे मनात घोकत होतो ते त्या वेळी बोलून टाकलं. म्हटलं, “पोरी, चूक माझी आहे. तुझा डोळा मी माझ्या हातानं झाकायला पाहिजे होता. तू चौथ्या अक्षराला दोन्हीदा सारखीच चुकलीस, ते माझ्या ध्यानात आलं होतं. मी कंटाळा केला. मला माफ कर.”

 ती म्हणाली, “तुमी नीट झाकला असता, तर मी कायतरी निमित्त काढून उठून गेले असते. पोटात दुखतंय म्हनले असते. आत्याबाई शेजारी उभ्या व्हत्या ना. त्यांच्यापुढं मी मेले तरी बोलले नसते. डोळ्यापरीस मला त्यांचं मन जास्त व्हतं, चाचा. माझ्या आईनं माझ्यावर एवढा जीव लावला न्हाई.”

गयाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा हातात धरला होता.

“मला ठावं व्हतं,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलतायत.

“लगीन होऊन महिना झाला नसंल. डाव्या अंगानं कुनी गेलं की पोरगी दचकायची. डावीकडं वाढलेली चटनी ताटात तशीच राह्यची. मी काय आंधळी हाय का? मला समजलं. म्हनलं, लेकरानं लपवलंय तर लपवू द्यावं. लोकाची लेक, कशाला उघडी पाडायची. मग मी चटनी उजवीकडं वाढायला लागले.” त्या माझ्याकडं बघत होत्या, सुनेकडं नाही. “त्या दिवशी इथं हिच्या शेजारी उभी व्हते. हिनं बोटं फाकलेली मला दिसली, साहेब. त्या बोटांतून बघायली व्हती. माझ्या व्हटावर आलतं. मग म्हनलं, एवढ्या मशिनी हायती, एवढे शिकलेले लोक हायती, त्यास्नी कळंलच की.”

बाहेर पुढच्या पेशंटला कुणीतरी नावानं हाक मारत होतं.  

“मग बोलला कावून न्हाई, आत्याबाई?” मनीषानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“तुला लाज वाटंल म्हून,” गयाबाई म्हणाल्या.

मनीषानं त्यांच्या बोलण्याच्या दिशेला मान वळवली आणि बघत राहिली. जन्माच्या सवयीनं तिनं उजवा डोळाच सासूकडं केला होता.